‘लक्ष ठेव’ एवढं पुरत नाही : मुलांचं भाजणं टाळण्यासाठी घराचा आणि वर्गाचा एक पाठ



चौथीच्या वर्गात वह्या तपासताना एका मुलीची अक्षरं नेहमी ओळीखाली घसरलेली दिसायची. दोन-तीनदा मी तिला रागावलेही. मग एक दिवस तिच्या शेजारी बसून ती लिहिते कशी ते पाहिलं. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळहाताकडे वाकून घट्ट बसलेलं. पेन्सिल ती कशीबशी तीन बोटांत धरायची. विचारलं तर म्हणाली, “लहानपनी घाट्यात हात गेला होता, मॅडम.”

खान्देशातल्या वाचकांना घाटा सांगायला नको. उन्हाळ्यात बिबड्या करायच्या म्हणून ज्वारीचा घाटा पहाटे मोठ्या पातेल्यात शिजतो. तो खायला पोरं झोपेतून उठून येतात. दाट, चिकट आणि उकळता. अंगावर पडला तर पाण्यासारखा ओघळून जात नाही, चिकटून राहतो आणि भाजतच राहतो. ही पोर तेव्हा दीड वर्षांची होती. हातावर टूथपेस्ट लावली, तीन दिवस घरीच ठेवलं, मग दवाखान्यात नेलं. जखम भरली, पण कातडी आखडली आणि बोटं वाकली.

पालकसभेला तिची आई आली होती. ती एकच वाक्य बोलली, “माझंच लक्ष नव्हतं, मॅडम.”

त्या वाक्यावर मी बराच विचार केला. पहाटे चारला उठलेली बाई, एका खोलीचं पत्र्याचं घर, जमिनीवरची चूल, वीस माणसांना पुरेल एवढं पातेलं, आणि आजूबाजूला चार पोरं. या बाईने आणखी कुठे आणि किती लक्ष ठेवायचं होतं? आपण पालकांना सांगतो, “मुलांवर लक्ष ठेवा.” ते चूक नाही, पण पुरेसं नाही. लक्ष थकतं, चुकतं, दुसरीकडे जातं. घरातल्या वस्तूंची मांडणी थकत नाही. आजचा पाठ या एकाच गोष्टीवर आहे.

हा प्रश्न केवढा मोठा आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे १ लाख ८० हजार माणसं भाजल्यामुळे दगावतात, आणि त्यातली बहुतेक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतली असतात. एकट्या भारतात दरवर्षी १० लाखांहून जास्त लोकांना मध्यम किंवा गंभीर स्वरूपाचं भाजतं. जगल्यानंतरही पुष्कळांना व्रण, आखडलेले सांधे आणि चारचौघांत हात लपवायची सवय आयुष्यभर सोबत करते.

लहान मुलाची कातडी मोठ्या माणसापेक्षा पातळ असते. ६० अंश सेल्सिअसचं पाणी मोठ्या माणसाची कातडी साधारण पाच सेकंदांत खोलवर भाजतं, लहान मुलाला त्याहून कमी वेळ पुरतो. बंबातलं कढत पाणी याहून कितीतरी गरम असतं. चहा कपात ओतून पंधरा मिनिटं झाली तरी बाळाला पोळू शकतं. पाच वर्षांखालच्या मुलांत आगीपेक्षा गरम पाणी, चहा, दूध, वरण यांनीच जास्त अपघात होतात. मोठ्या मुलांत फटाके, चूल आणि कपड्यांनी पेट घेणं हे वाढत जातं.

आपल्याकडे चटका हा संसाराचा भागच मानला जातो. आसोद्याच्या बहिणाबाईंनी संसाराची तुलना चुलीवरच्या तव्याशी केली, ती कविता आपणच वर्गात शिकवतो. पण तो चटका भाकरी करणाऱ्या मोठ्या बाईच्या हाताचा आहे. रांगणाऱ्या लेकराने तो सोसायचा, असं कोणी म्हटलेलं नाही.

आपल्या घरांतलं वर्षभराचं वेळापत्रक

जळगाव-धुळ्याच्या घरांत धोका कधी असतो, याची यादी मी मुलांसोबत फळ्यावर केली. मुलांनीच भराभरा सांगितलं.

हिवाळ्यात धुळ्याकडे कडाक्याची थंडी पडते. अंघोळीचं पाणी चुलीवर, बंबात किंवा बादलीत रॉड टाकून तापवतात. दारापुढे शेकोटी असते. शेतात भरीत पार्टी असते आणि पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली जातात. जाळ विझल्यावरही राखेखाली निखारे तसेच असतात, आणि पोरं अनवाणी फिरतात.

कापूस वेचणीच्या दिवसांत बऱ्याच घरांत कापूस खोलीतच साठवलेला असतो. त्याच खोलीत चूल, देव्हाऱ्यातला दिवा आणि मच्छर अगरबत्ती. कापसाला एक ठिणगी पुरते.

उन्हाळ्यात बिबड्या, कुरडया, पापड. आखाजीला खापरावरची पुरणपोळी आणि तळण. श्रावणात कानबाई बसते, तेव्हा सगळी भाऊबंदकी एका घरात जमते. माणसं जास्त, भांडी मोठी, जागा तेवढीच. दिवाळीत फटाके.

गॅस आला ना, असं कोणी म्हणेल. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि गॅस अनेक घरांत पोहोचला, हे खरंच आहे. पण सिलिंडर भरायला पैसे लागतात, पऱ्हाट्या शेतातून फुकट येतात. म्हणून चहा गॅसवर आणि अंघोळीचं पाणी, भाकरी चुलीवर, असं अनेक घरांत चालतं. म्हणजे धोक्याची जागा एक होती, त्या दोन झाल्या.

घरी त्या वेळी असतं कोण?

वर्गात मी विचारलं, “आई वेचणीला जाते तेव्हा लहान भावंडाला कोण सांभाळतं?” निम्म्याहून जास्त हात वर झाले, आणि त्यात मुली जास्त होत्या. आठ-नऊ वर्षांची मुलगी कडेवर बाळ घेऊन चहा ठेवते, वरण गरम करते.

हे शिक्षकांनी नीट लक्षात घ्यायला हवं. भाजण्यापासून वाचण्याचं शिक्षण आपण फक्त आयांना देत राहिलो तर ते अर्ध्याच घरांत पोहोचेल. त्या वेळी घरात असलेलं मोठं माणूस म्हणजे आपल्याच वर्गातली मुलगी असते. तिच्यावर हा भार असू नये, हे खरं. पण तो आहे तोवर तिला रिकाम्या हाताने सोडायचं नाही. आणि हा पाठ मुलग्यांनाही तेवढाच द्यायचा, कारण भावंड दोघांचं असतं.

मांडणी बदला : उंची, अंतर आणि क्रम

श्रीलंकेतले शल्यचिकित्सक डॉ. विजया गोडाकुंबुरा रॉकेलच्या दिव्यांनी भाजलेले रुग्ण पाहत असत. तिथे गरीब घरांत रिकाम्या बाटल्यांचे दिवे वापरत. ते उंच आणि हलके असल्यामुळे चटकन कलंडत. लोकांना नुसतं “जपून वापरा” न सांगता त्यांनी दिवाच बदलला. बुटका, जड काचेचा, दोन बाजूंनी सपाट म्हणजे पडला तरी गडगडणार नाही, आणि वर आट्यांचं पत्र्याचं घट्ट झाकण, म्हणजे रॉकेल सांडणार नाही. त्या स्वस्त दिव्यासाठी त्यांना १९९८ साली रोलेक्स पुरस्कार मिळाला. माणूस चुकणारच हे गृहीत धरून त्यांनी वस्तू बदलली. आपल्या घरांतही हे करता येतं, आणि बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत.

१. बादलीत आधी थंड पाणी, मग गरम. हा क्रम कधीच उलटा करायचा नाही. नुसत्या कढत पाण्याची बादली एक मिनिटही जमिनीवर एकटी राहायला नको.

२. भांडं उतरवण्याआधी ते कुठे ठेवायचं ते ठरवा. बहुतेक अपघात भांडं चुलीवर असताना होत नाहीत, ते खाली उतरवून “दोन मिनिटं” बाजूला ठेवल्यावर होतात. भिंतीचा एक कोपरा फक्त गरम भांड्यांसाठी राखा. वाटेत, दारात ठेवू नका.

३. चुलीला आडोसा करा. ओटा बांधणं शक्य असेल तर उत्तमच. नसेल तर चुलीभोवती मातीचा दीड-दोन फुटांचा कठडा घाला. तेही नाही जमलं तर स्वयंपाकाच्या वेळी खाट आडवी उभी करून खोलीचे दोन भाग करा. बाळ खाटेच्या पलीकडे.

४. ओटा असला तरी भांड्याचे दांडे आतल्या बाजूला वळवा आणि कढई मागे सरकवा. ओट्यावरून लोंबणारं कापड, वायर बाळ ओढतंच.

५. मांडीवर बाळ असताना चहा प्यायचा नाही. कप जमिनीवर ठेवायचा नाही.

६. रॉड लावलेली बादली मुलं जात नाहीत अशाच जागी ठेवा. आधी बटण बंद, मग पिन काढा, मग पाण्याला हात.

७. गॅसची शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर हवी. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. वास आला तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेचं कोणतंही बटण चालू किंवा बंद करू नका, बाहेर या आणि १९०६ वर फोन करा.

८. चिमणी, समई, अगरबत्ती जमिनीवर नको, कोनाड्यात ठेवा. कापसाच्या खोलीत यातलं काहीच नको.

९. चुलीजवळ आणि फटाके उडवताना सुती, अंगाबरोबरचे कपडे घाला. ओढणी, पदर खोचून घ्या. नायलॉन-पॉलिस्टरचं कापड वितळून अंगाला चिकटतं.

तरीही भाजलंच तर

आमच्या वर्गात एक घोषणा झाली आहे, अहिराणीत: “पहिले पानी, मंग दवाखाना!” यातच सगळं आलं.

कपड्यांनी पेट घेतला असेल तर पळायचं नाही, कारण वाऱ्याने जाळ वाढतो. थांबायचं, आडवं पडायचं, लोळायचं. दुसऱ्याने जाड सुती गोधडी किंवा घोंगडी टाकून आग विझवायची.

मग भाजलेल्या भागावर साधं थंड पाणी २० मिनिटं सोडायचं. लगेच सुरुवात केलेली सर्वात चांगली, पण उशीर झाला तरी पहिल्या तीन तासांत पाण्याचा उपयोग होतो. बर्फ लावायचा नाही, त्याने कातडीला आणखी इजा होते.

इथे आपल्या भागाच्या दोन अडचणी आहेत. एक, अनेक गावांत नळाला काही दिवसांआड पाणी येतं, तेव्हा २० मिनिटं नळ सोडणं शक्य नाही. मग हात किंवा पाय परातीवर धरा, तांब्याने पाणी ओता, आणि परातीत साचलेलं स्वच्छ पाणी गरम झालं नसेल तर पुन्हा ओता. दोन, मे महिन्यात जळगावात छतावरच्या टाकीचं पाणीच चटका देतं. म्हणून आधी आपला हात लावून पाहा. माठातलं, रांजणातलं पाणी घ्या.

बाळ लहान असेल आणि बरंच भाजलं असेल तर सगळं अंग पाण्यात बुडवू नका, त्याला हुडहुडी भरते. भाजलेला भाग गार करा, बाकीचं अंग कोरड्या कापडात गुंडाळून उबदार ठेवा.

पाणी ओतत असतानाच बांगड्या, वाळे, करदोडा, अंगठी आणि भिजलेले गरम कपडे काढा. नंतर सूज आली की निघत नाहीत. कातडीला चिकटलेलं कापड मात्र ओढू नका.

टूथपेस्ट, हळद, तेल, शाई, बटाटा, माती, कापूस यातलं काहीही लावायचं नाही. हळदीवर आपला जीव आहे, मला कळतं. पण या लेपाखाली उष्णता कोंडते, जंतू वाढतात आणि डॉक्टरांना जखम किती खोल आहे ते दिसत नाही. दवाखान्यात आधी तो लेप खरवडून काढावा लागतो, आणि ती वेदना बाळाला सोसावी लागते. फोड फोडायचे नाहीत. धुतलेलं सुती कापड सैल गुंडाळायचं आणि निघायचं.

दवाखान्यात कधी न्यायचं? वर्षाच्या आतलं बाळ असेल, चेहरा, हात, पाय, सांधा किंवा गुप्तांग भाजलं असेल, विजेने किंवा रसायनाने भाजलं असेल, फोड आले असतील, कातडी पांढरी किंवा काळी पडली असेल, तर थांबायचंच नाही. एक सोपं माप लक्षात ठेवा. मुलाचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण १ टक्का. दहा तळहातांएवढं भाजलं असेल तर सलाईनची गरज पडते आणि जीवाला धोका असतो. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे.

खर्चाच्या भीतीनेही लोक घरी थांबतात. राज्याची जीवनदायी आरोग्य योजना २०१२ साली पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात धुळे होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते, आणि भाजलेल्यांवरचे उपचार त्यात आहेत. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा, पण कागद शोधण्यात वेळ घालवू नका. आधी निघा, कागद मागून येऊ द्या.

आणि जखम भरली म्हणजे काम संपलं, असं नाही. भरताना कातडी आखडते. डॉक्टर सांगतील तशी पट्टी बांधणं आणि बोटांचा व्यायाम महिनोन्‌महिने करावा लागतो. आमच्या त्या विद्यार्थिनीचा व्यायाम कोणी घेतला नव्हता, कारण तो करायचा असतो हेच घरात माहीत नव्हतं. अशी आखडलेली बोटं शस्त्रक्रियेने पुष्कळदा मोकळी करता येतात, हेही पालकांना सांगायला हवं.

वर्गात घ्यायचा पाठ (तिसरी ते सातवी, दोन तासिका)

उपक्रम १ : शब्दांची शिडी. फळ्यावर लिहा: चटका बसणे, पोळणे, भाजणे, होरपळणे. मुलांना अर्थाप्रमाणे क्रम लावू द्या आणि प्रत्येकाचं वाक्य करू द्या. पाण्याने पोळतं आणि जाळाने भाजतं, हा फरक मराठीने आधीच करून ठेवला आहे. भाषेचा तास आणि सुरक्षेचा तास एकच.

उपक्रम २ : दोरा. प्रत्येकाने घरून एक माप आणायचं. लहान भावंडाला किंवा शेजारच्या बाळाला उभं करायचं, हात वर करायला लावायचा आणि जमिनीपासून बोटांच्या टोकापर्यंत दोरा कापायचा. हा झाला बाळाचा ‘पोच दोरा’. मग तो दोरा घेऊन घरभर फिरायचं आणि बाळाचा हात पोहोचतो अशी प्रत्येक गरम किंवा पेटती वस्तू वहीत लिहायची. गणिताच्या तासाला तोच दोरा सेंटिमीटरमध्ये मोजायचा.

उपक्रम ३ : २० मिनिटं म्हणजे किती? एक मूल हात परातीवर धरतं, दुसरं तांब्याने पाणी ओततं. घड्याळ झाकून ठेवा. बहुतेक मुलं तीन-चार मिनिटांतच “झालं” म्हणतात. मग खरे २० मिनिटं पूर्ण करा. मुलं कंटाळतात, आणि तो कंटाळाच त्यांच्या लक्षात राहतो.

उपक्रम ४ : नाटुकलं. आजी हळद आणते, नात तिला समजावते. आजीचा अपमान होता कामा नये. “आजी, हळद भाजीत टाकू, आधी पाणी दे,” असं आमच्या मुलांनीच रचलं.

दोन सूचना. वर्गात भाजल्याचा व्रण असलेलं मूल असेल तर आधी त्याच्याशी एकट्याने बोला, त्याला उदाहरण म्हणून उभं करू नका. आणि एखाद्या मुलाच्या अंगावर पुन्हा पुन्हा चटक्याचे डाग दिसले तर ते अपघात आहेत असं धरून चालू नका. बाललाइन १०९८ त्यासाठीच आहे.

आपली शाळासुद्धा तपासू या

दुसऱ्यांना शिकवताना आपलंही घर पाहावं. १६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघराच्या गवती छपराने पेट घेतला आणि ९४ मुलं गेली. आपल्या शाळेत पोषण आहाराची खिचडी कुठे शिजते, पातेलं कोणत्या वाटेने येतं, कोण उचलतं, मुलांची रांग पातेल्यापासून किती दूर असते, हे उद्याच पाहा. गरम पातेलं मुलांना उचलायला लावायचं नाही, ती मोठी असली तरी. रांगेसाठी जमिनीवर चुन्याची एक रेघ मारली तरी पुष्कळ फरक पडतो.

दोऱ्याचा उपक्रम झाला तेव्हा त्या चौथीतल्या मुलीनेही आपल्या लहान भावाचा दोरा आणला. ९६ सेंटिमीटर. वहीत तिने लिहिलं होतं: गॅसचा ओटा ८० सेंटिमीटर, म्हणजे भावाचा हात दांड्याला पोचतो. खाली आणखी एक ओळ होती, तीही ओळीखाली घसरलेली: “दांडा आत वळवला. आईलापन सांगितलं.”

पुढच्या पालकसभेत मी तिच्या आईला ती वही दाखवली. “तुमचं लक्ष नव्हतं” हा विषय मी काढलाच नाही. आम्ही चुलीभोवती कठडा कुठून कुठपर्यंत घालता येईल ते कागदावर काढलं, आणि मुलीचा हात शासकीय रुग्णालयात दाखवायचा वार ठरवला.

या आठवड्यात आपल्या वर्गात एवढं तरी करू या: प्रत्येक मुलाच्या हातात एक दोरा.